केरसुणीची पूजा आणि घराचा हिशेब

आज संध्याकाळी घरोघरी चौरंग मांडला जाईल. तांदळाच्या राशीवर कलश, त्यापुढे नाणी आणि दागिने, दुकानात नव्या वर्षाची कोरी चोपडी, नैवेद्याला लाह्या-बत्तासे आणि या सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेली एक नवी केरसुणी. पूजेतली सर्वांत स्वस्त वस्तू तीच. तरी तिला हळदकुंकू वाहिल्याशिवाय लक्ष्मीपूजन पुरे होत नाही, आणि उद्यापासून तीच घर झाडू लागते. सोन्याशेजारी शिंदीच्या पानांची केरसुणी ठेवणाऱ्यांना संपत्तीचा स्वभाव नीट ठाऊक होता. ती येते कष्टाने. टिकते मात्र रोजच्या निगुतीने.

ही निगुती आपल्या घरांतून गेलेली नाही. तांदूळ निवडावेत तसा महिन्याचा खर्च निवडणाऱ्या गृहिणी आहेत, भिशीचा हप्ता न चुकवणारे नोकरदार आहेत, पिग्मीवाल्याच्या हातात रोज पन्नास रुपये ठेवणारे टपरीवाले आहेत. उणीव आहे ती बोलण्याची. घरात पैसा किती येतो, कुठे ठेवला आहे, कर्ज किती आहे, कमावता हात उद्या थांबला तर काय, हे प्रश्न ‘अशुभ बोलू नये’ म्हणून आपण दारातूनच परत पाठवतो. या मौनाची किंमत आकड्यांत मोजता येते. दहा वर्षे कोणी हात न लावलेल्या, कोणी न मागितलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेकडील निधीत वर्ग करतात. ३१ मार्च २०२४ रोजी ही रक्कम ७८,२१३ कोटी रुपये होती. कोणीतरी पोटाला चिमटा घेऊन साठवलेला आणि घरच्यांना सांगायचा राहून गेलेला पैसा त्यात आहे.

म्हणून आजच्या दिवशी आर्थिक स्वातंत्र्याबद्दल बोलायला हवे, आणि तेही श्रीमंतीशी त्याची गल्लत न करता. आर्थिक स्वातंत्र्य म्हणजे नकार देण्याची ताकद. सोयाबीन खळ्यावर येताच पडत्या भावाने विकावे न लागणे, कारण उधारीची तारीख डोक्यावर नाही. अपमान सहन करत नोकरीला चिकटून राहावे न लागणे, कारण चार-सहा महिन्यांचा किराणा आणि घरभाडे बाजूला आहे. सासरी छळ होत असेल तर मुलीला ‘थोडे सोस’ असे सांगावे न लागणे, कारण तिच्या नावावर तिचे स्वतःचे काही आहे. सत्तरीतल्या वडिलांना औषधासाठी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहावे न लागणे. ही ताकद लाखो रुपये पगार असलेल्या माणसाकडे नसू शकते आणि अंगणवाडी सेविकेकडे असू शकते. उत्पन्नाचा वाटा त्यात मोठा आहे, यात शंका नाही. पण हाती आलेल्या पैशाला आपण कोणत्या क्रमाने कामाला लावतो, यावरही ती तेवढीच अवलंबून असते.

हा क्रम शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. आधी कुंपण, मग पाण्याची सोय, मग बाग. घरच्या पैशाच्या बाबतीत मात्र आपण बहुधा उलटे चालतो. पहिल्या पगारातून दागिना, बोनसमधून प्लॉटचे टोकन, मार्चअखेरीस कर वाचवण्यासाठी ओळखीतल्या एजंटाची एखादी पॉलिसी. आणि घरात मोठे आजारपण आले की तोच दागिना गहाण.

कुंपण म्हणजे विमा. त्याला आपल्याकडे चांगला इतिहास आहे. १९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला तेव्हा देशाच्या अर्थमंत्रिपदावर महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख होते. खासगी विमा कंपन्या बुडून सामान्यांचे पैसे जात होते. त्या काळात २४५ कंपन्या आणि संस्था एकत्र आणून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. विमा खेड्यापाड्यांत पोचला, हे त्याचे मोठे श्रेय. पण घराघरांत पोचलेल्या त्या विम्याला आपण बचतीचा डबा समजून बसलो. ‘पैसे परत किती मिळणार?’ हा आपला पहिला प्रश्न असतो, आणि काहीच परत न देणारा टर्म इन्शुरन्स आपल्याला पैसे वाया घालवणारा वाटतो. शेताला कुंपण घातले आणि वर्षभर जनावर आत शिरले नाही, म्हणून कुंपण वाया गेले असे कोणी म्हणत नाही.

हिशेब साधा आहे. महिन्याला ६० हजार रुपये घरी आणणाऱ्या माणसाची ५ लाखांची मनीबॅक पॉलिसी त्याच्या पश्चात जेमतेम आठ महिन्यांच्या पगाराएवढी पुरते. घरकर्ज, मुलांचे शिक्षण, मागे राहिलेल्यांची वर्षे या सगळ्यांसाठी वार्षिक उत्पन्नाच्या किमान दहापट संरक्षण हवे. तरुणपणी घेतलेल्या टर्म इन्शुरन्समध्ये ते मध्यमवर्गीय घराला परवडू शकते, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विम्याच्या हप्त्यांवरचा १८ टक्के जीएसटीही उठला आहे. मात्र अर्ज भरताना मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांतले काही लपवू नये. लपवलेली एक ओळ नेमकी गरजेच्या वेळी दावा अडवू शकते, आणि त्याचा भोग मागे राहिलेल्यांना भोगावा लागतो.

याच संदर्भात एका जुन्या कायद्याची आठवण करून द्यायला हवी. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा १८७४ सालचा आहे. त्याच्या कलम ६ नुसार पतीने पत्नी-मुलांच्या हितासाठी म्हणून स्वतःच्या आयुष्याचा विमा उतरवला, तर ती रक्कम त्यांच्यासाठी राखलेला विश्वस्त निधी ठरते. पतीच्या सावकारांना किंवा बँकांना कर्जवसुलीसाठी तिला हात लावता येत नाही. उद्योग-धंद्यासाठी कर्ज काढणाऱ्या प्रत्येक मराठी तरुणाने पॉलिसी घेतानाच ही नोंद करून घ्यावी. ती घ्यायला जास्तीचा पैसा लागत नाही, फक्त माहिती लागते.

आयुर्विम्याइतकेच आरोग्य विम्याचे कुंपण महत्त्वाचे. नोकरीतला गट विमा नोकरीबरोबर जातो, आणि तो जातो तेव्हा बहुधा वय वाढलेले असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे ५ लाखांपर्यंतचे छत्र राज्यातल्या कुटुंबांना आहे. जवळचे कोणते रुग्णालय त्यात येते हे आजारपण येण्याआधीच पाहून ठेवावे.

कुंपणानंतर पाण्याची सोय, म्हणजे अडीनडीचा पैसा. सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी येईल अशा ठिकाणी असावा. इथे व्याजाची हाव बाजूला ठेवावी लागते. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ते फक्त १ लाख होते. पतसंस्थेतल्या ठेवींना हे संरक्षण नाही. महाराष्ट्रात गावोगावी पतसंस्था आहेत, अनेक उत्तम चालतात, शेजारधर्माने लोकांच्या अडचणीला उभ्या राहतात. पण निवृत्तीचा सगळा पैसा दोन टक्के जास्त व्याजासाठी एकाच दारात ठेवणे म्हणजे त्या दाराच्या कडीवर आपले म्हातारपण टांगणे. आणि महिन्याला दहा टक्के परताव्याचे आमिष दाखवणारा कोणीही, मग तो नात्यातला असो, गावातला असो वा देवळातला, त्याला त्याच क्षणी हात जोडावेत. अशा फसव्या योजनांमुळेच १९९९ मध्ये राज्याला ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण करणारा कायदा करावा लागला. कायदा झाला, तरी नवे बळी थांबलेले नाहीत.

मग बाग. तिला लागतो तो वेळ, आणि वेळ विकत मिळत नाही. महागाई सरासरी ६ टक्क्यांनी वाढली तर आज ४० हजारांत चालणाऱ्या घराला २४ वर्षांनी महिन्याला १ लाख ६० हजार लागतील. म्हणून सगळी पुंजी मुदत ठेवीत आणि सोन्यात ठेवली की ती सुरक्षित दिसते, पण हळूहळू झिजते. पंचविशीत सुरू केलेली महिन्याची ५ हजारांची एसआयपी, वर्षाला सरासरी १० टक्के वाढ धरली, तर ३० वर्षांत सुमारे १ कोटी १३ लाख होते. तीच पस्तिशीत सुरू केली तर २० वर्षांत सुमारे ३८ लाख. दहा टक्क्यांची हमी बाजार देत नाही, मधली काही वर्षे उणेही जातात. पण दोन आकड्यांतल्या दरीचे मोठे कारण उशीर आहे. जास्तीचे भरलेले पैसे त्यात फक्त ६ लाख. ज्यांना बाजाराचा चढउतार सोसवत नाही, त्यांच्यासाठी १९६८ पासून चालत आलेले पीपीएफ आहे, पोस्टाच्या योजना आहेत. दोन्हींचा मेळ आपापल्या वयाप्रमाणे आणि जबाबदारीप्रमाणे बसवावा.

हे सारे शिकलेल्यांचे काम, असे कोणी म्हणेल तर त्याने साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या म्हसवडची गोष्ट ऐकावी. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने तिथल्या बायकांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले, तेव्हा त्यांचा अर्ज आधी फेटाळला गेला, कारण प्रवर्तकांतल्या कित्येक जणींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या साक्षरतेच्या वर्गाला बसल्या, पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या की आम्हाला मुद्दल सांगा, व्याज तोंडी काढून दाखवतो; तुमच्या साहेबांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा. १९९७ मध्ये माण देशी महिला सहकारी बँक सुरू झाली. दुष्काळी मुलखातल्या त्या बायकांना आकडे कळतच होते. त्यांना हिशेबाच्या बैठकीत जागा मिळत नव्हती, ती त्यांनी घेतली. आपल्या किती घरांत गृहलक्ष्मीला ती जागा आहे?

एक गोष्ट स्पष्टपणे म्हटली पाहिजे. ज्याच्या हाती महिनाअखेर काही उरतच नाही, त्याला बचतीचे धडे देणे हा अन्याय आहे. ऊसतोडणी कामगाराला, घरकाम करणाऱ्या मावशीला योग्य मजुरी मिळवून देण्याचे काम एसआयपी करू शकत नाही. ती समाजाची आणि शासनाची जबाबदारी आहे. पण वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा जीवन विमा आणि २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा देणाऱ्या सरकारी योजना त्यांच्यासाठी आहेत. आपल्या घरी राबणाऱ्या मावशीचे खाते त्यात जोडले आहे का, हे विचारण्याची जबाबदारी तरी आपण घेऊ शकतो. दिवाळीला साडी देतोच. हे ४५६ रुपये त्याबरोबर द्यावेत. त्याचप्रमाणे ठेव ठेवायला आलेल्या ज्येष्ठ नागरिकाच्या गळ्यात बँकेच्या काउंटरवरच वीस वर्षांची पॉलिसी मारण्याचे प्रकार थांबले पाहिजेत, आणि शाळेत सरळव्याज-चक्रवाढव्याजाच्या उदाहरणांबरोबर खरी पॉलिसी वाचायलाही शिकवले पाहिजे.

लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा एक जुना आचार आहे. एरवी दिवेलागणीनंतर घर झाडत नाहीत, लक्ष्मी निघून जाते म्हणतात. पण या एका रात्री, मध्यरात्री, केरसुणी हाती घेऊन कोपरान् कोपरा झाडायचा आणि अलक्ष्मीला उंबऱ्याबाहेर घालवायचे. म्हणजे जे इतर दिवशी अशुभ, ते या रात्री कर्तव्य ठरते. आपल्या घरांतली अलक्ष्मी म्हणजे पैशाबद्दलचे ते मौन. तेव्हा आज फराळानंतर सगळ्यांनी एकत्र बसावे. एका वहीत खाती, ठेवी, पॉलिसी, कर्जे, देणी-येणी लिहावीत. नॉमिनींच्या नोंदी तपासाव्यात; १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात. आईला, बायकोला, कळत्या मुलीला ती वही कुठे आहे हे माहीत असावे. आणि ‘मी नसलो तर’ हे वाक्य घरच्या कर्त्याने समईच्या उजेडात, सगळ्यांच्या देखत, न अडखळता पुरे करावे. ज्या घरात ते एवढ्या मोकळेपणाने बोलले जाते, त्या घरातला केर निघालेला असतो.