विश्लेषण : विमानतळावरील श्वान रांग कमी करण्यासाठी नाही!

२२ जून १९८५ची रात्र. कॅनडात मॉन्ट्रियलच्या मिराबेल विमानतळावर एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान लंडन आणि दिल्लीमार्गे मुंबईला निघण्याच्या तयारीत होते. तीन बॅगा संशयास्पद वाटल्या म्हणून बाजूला काढण्यात आल्या आणि क्वेबेक पोलिसांच्या श्वानपथकाला बोलावणे गेले. आर्को नावाचा श्वान आणि त्याचा हँडलर विमानतळावर पोहोचले, तोवर विमान उडाले होते. त्या तीन बॅगांत काहीच नव्हते. बॉम्ब विमानाच्या पोटात, दुसऱ्याच बॅगेत होता.

त्याआधी टोरांटोत सामान तपासणारे एक्स-रे यंत्र मध्येच बंद पडले होते. उरलेल्या बॅगा हातात धरायच्या एका यंत्राने तपासल्या गेल्या आणि तेच यंत्र भरवशाचे नव्हते. तिथले पोलीस श्वान प्रशिक्षणासाठी व्हँकुव्हरला गेले होते. २३ जूनच्या सकाळी आयर्लंडजवळ समुद्रावर विमानाचा स्फोट झाला. ३२९ जण गेले. कॅनडात न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या चौकशी आयोगाने २०१०मध्ये दिलेल्या अहवालात हा सारा घोळ नोंदला आहे.

ही हकिकत आधी सांगितली, कारण पुढचे वाचून हा लेख श्वानांच्या विरोधात आहे असा समज होऊ नये. विमानतळावर श्वान हवाच. प्रश्न आहे तो कुठे उभा करायचा आणि त्याच्या 'बसण्या'चा अर्थ काय लावायचा, हा. डिसेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या टर्मिनल ३वर तासन् तास रांगा लागल्या, तेव्हा मनुष्यबळ, यंत्रे, गेट वाढवण्याचे उपाय पुढे आले. अमेरिकेने अशाच गर्दीवर आणखी एक उपाय वापरला आहे. रांगेतून श्वान फिरवायचा आणि ज्यांच्यापाशी तो थांबला नाही, त्यांची पुढची तपासणी हलकी करायची. ऐकायला हा उपाय उत्तम वाटतो. पण तो आपल्याकडे उचलण्याआधी तिथला अनुभव नीट पाहायला हवा.

नाक नेमके काय टिपते?

माणसाच्या अंगाभोवतीची हवा अंगाच्या उष्णतेने सतत वर सरकत असते. आपण चालू लागलो की तिचा एक पट्टा मागे रेंगाळतो. अंगावर वा पाठीवरच्या पिशवीत स्फोटक असेल, तर त्याचे सूक्ष्म कण आणि वाफ त्या पट्ट्यात मिसळते. अमेरिकेतील ऑबर्न विद्यापीठाने हा पट्टा हुंगण्याचे खास प्रशिक्षण विकसित केले. त्याला 'व्हेपर वेक' म्हणतात. साध्या बॉम्बशोधक श्वानाला ठेवलेली बॅग, गाडी किंवा खोली हुंगायची असते. इथे मात्र वासाचा उगम स्वतःच चालत असतो आणि आजूबाजूला आणखी शंभर माणसे, अत्तरे, वडापाव आणि डब्यातली लोणची असतात.

आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण ५०-६० लाख, तर श्वानाच्या नाकात त्या वीस कोटींच्या वर. शिवाय तो हवा नाकपुडीच्या कडेच्या चिरेतून बाहेर सोडतो, त्यामुळे बाहेर जाणारा श्वास आत येणाऱ्या वासाला फारसा पुसत नाही. असे यंत्र अजून कोणी बनवलेले नाही. पण श्वानाला शिकवलेलेच वास कळतात. बुटात लपवलेल्या चाकूवर तो बसणार नाही. म्हणजे तो मेटल डिटेक्टरची किंवा अंगझडतीची जागा घेऊ शकत नाही, त्यांच्या जोडीला उभा राहू शकतो.

अमेरिकेचा अनुभव

तिथली सुरुवात नाट्यमय आहे. मार्च १९७२मध्ये न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघालेले टीडब्ल्यूए कंपनीचे विमान बॉम्बच्या धमकीमुळे परत फिरवले गेले. ब्रँडी नावाच्या जर्मन शेफर्ड मादीने कॉकपिटमधला बॉम्ब शोधला, तेव्हा स्फोटाला १२ मिनिटे उरली होती. त्यातूनच विमानतळांवरच्या श्वानांची सरकारी योजना जन्माला आली. आज तिथल्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडे, म्हणजे टीएसएकडे, एक हजाराहून अधिक श्वानपथके आहेत.

प्रवासी हुंगणारी पथके २०११मध्ये आली. अमेरिकी संसदेसाठी सरकारी कामाची तपासणी करणाऱ्या जीएओ या संस्थेने जानेवारी २०१३च्या अहवालात त्यावर बोट ठेवले. ही पथके खरोखर उपयोगी आहेत का, याची पुरेशी चाचणी होण्याआधीच त्यांना कामाला लावले होते. सर्वाधिक जोखमीच्या विमानतळांना प्राधान्य दिले गेले, असेही नव्हते. पुढे २०१६च्या उन्हाळ्यात शिकागोसह मोठ्या विमानतळांवर रांगा हाताबाहेर गेल्या, तेव्हा टीएसएने श्वानपथके तिकडे हलवली. कारण उघड होते. श्वान असला की बूट, जॅकेट न काढता माणसे पुढे सोडता येत होती.

इथे एक गोष्ट बदलली आणि ती फारशी कुणाच्या लक्षात आली नाही. श्वान आधी तपासणीत भर घालत होता, आता तो तपासणी कमी करण्याचे कारण झाला. अशा वेळी त्याच्याकडून झालेली एक चूक पूर्वीपेक्षा महाग पडते, कारण त्याच्या मागे उभी असलेली चाळणी आपणच सैल केलेली असते. (जाता जाता, २०१८मध्ये टीएसएच्या प्रमुखांनी लोंबत्या कानांच्या जातींना पसंती देत असल्याचे सांगितले होते. उभ्या कानांच्या श्वानाला मुले अधिक घाबरतात म्हणून. हा विचार मात्र मला पटतो.)

दोरीच्या दुसऱ्या टोकाला

श्वान एकटा काम करत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०११मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या विषयात वारंवार सांगितला जातो. १८ श्वान-हँडलर जोड्यांना एका इमारतीत वास शोधायला लावले. प्रत्यक्षात कुठेही अमली पदार्थ वा स्फोटक नव्हते. काही ठिकाणी लाल कागद चिकटवून, 'तिथे वास आहे' असे फक्त हँडलरना सांगितले होते. एकूण १४४ शोधफेऱ्या झाल्या. त्यांतल्या फक्त २१ फेऱ्यांत 'काही सापडले नाही' असे खरे उत्तर आले. उरलेल्या सगळ्या फेऱ्यांत कुठे ना कुठे इशारा मिळाल्याचे हँडलरनी सांगितले.

दारात येणारा नंदीबैल आपण पाहिला आहे. पाऊस पडेल का, विचारले की मान डोलावतो. मालकाच्या हाताची वा आवाजाची बारीक खूण त्याला कळते, आपल्याला दिसत नाही. श्वानाबाबतीत तर मालकाची लबाडीही लागत नाही. हँडलर एखाद्या प्रवाशापाशी अर्धा सेकंद जास्त रेंगाळला, दोरी जरा आखडली, तर धन्याला खूश करायला शिकलेला प्राणी त्याचा अर्थ लावतो. या प्रयोगावर श्वानप्रशिक्षकांनी आक्षेप घेतले आहेत आणि उत्तम पथके यापेक्षा पुष्कळ बरी असतात, हेही खरे. पण हँडलरच्या मनात कुणाविषयी आधीच संशय असेल, कुणाची दाढी, कुणाचे कपडे, कुणाची घाबरलेली चाल, तर तो संशय दोरीतून खाली उतरू शकतो आणि श्वानाच्या तोंडून निःपक्षपाती होऊन बाहेर येतो. मला सर्वांत जास्त धास्ती याची वाटते.

मुंबईत हे गणित कसे दिसेल?

मुंबई विमानतळावरून वर्षाला साडेपाच कोटींच्या आसपास प्रवासी ये-जा करतात. म्हणजे दिवसाला दीड लाख आणि त्यांतले निम्मे, ७५ हजार, निघणारे. समजा, या सगळ्यांना श्वानांपुढून नेले आणि श्वान शंभरात एकदाच चुकला. हा आकडा मी हिशेबापुरता धरला आहे. तरी रोज ७५० निरपराध माणसे बाजूला काढावी लागतील. खरा बॉम्ब घेऊन आलेला माणूस? जवळपास प्रत्येक दिवशी शून्य. म्हणजे श्वान ज्या ज्या माणसापाशी बसेल, तो जवळजवळ प्रत्येक वेळी निर्दोषच असेल.

याचे दोन परिणाम होतात. एक तर प्रवाशांना विनाकारण मनस्ताप. नायट्रोग्लिसरीन हे स्फोटक हृदयविकाराच्या औषधातही असते. विहिरीचे सुरुंग उडवणारा, खाणीत काम करणारा, फटाक्यांच्या दुकानात दिवाळी काढलेला माणूस कपड्यांवर काय घेऊन फिरतो, ते त्याला स्वतःलाही माहीत नसते. दुसरा परिणाम जास्त वाईट. महिनोन्महिने प्रत्येक इशारा खोटा निघाला की ड्युटीवरचा माणूस इशाऱ्याकडे काणाडोळा करायला शिकतो. आणि काहीच न सापडणारा श्वानही कंटाळतो. म्हणून चांगल्या व्यवस्थेत स्फोटकाचा नमुना देऊन साध्या वेशातला माणूस अधूनमधून रांगेत सोडावा लागतो. तो कोण, हे हँडलरलाही ठाऊक नसायला हवे. नाहीतर पुन्हा नंदीबैल.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात हा हिशेब प्रत्यक्ष मांडला गेला. तिथले श्वान अमली पदार्थांचे होते. राज्याच्या लोकपालांनी २००६च्या अहवालात दाखवून दिले, की श्वानाच्या इशाऱ्यावरून झडती घेतलेल्या चारांपैकी जवळपास तिघांकडे काहीच सापडले नव्हते. पोलिसांचे म्हणणे, त्यांच्या अंगावर जुना वास असेल. असेलही. पण झडती जुन्या वासाची नव्हे, माणसाची झाली.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने याबाबत फार पूर्वी सावध केले आहे, तेही महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात. अब्दुल रझाक मुर्तझा दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९६९. रेल्वे घातपाताच्या या खटल्यात माग काढणाऱ्या पोलीस श्वानाचा पुरावा पुढे आला होता. श्वानाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून उलटतपासणी घेता येत नाही, आणि माणसाचे आयुष्य व स्वातंत्र्य श्वानाच्या अनुमानावर टांगू नये, या आक्षेपांची न्यायालयाने दखल घेतली आणि अशा पुराव्याला सहसा फार वजन देता येणार नाही, असे म्हटले. तो खटला माग काढण्याचा होता, विमानतळाचा नव्हे. पण 'श्वान बसला' म्हणजे चौकशीला कारण मिळाले, गुन्हा सिद्ध झाला नाही, हे तत्त्व रांगेतही तेवढेच लागू आहे.

मग त्याची जागा कुठे?

दारात, आणि दाराबाहेर. २४ जानेवारी २०११ रोजी मॉस्कोच्या दोमोदेदोवो विमानतळावर स्फोट झाला तो आगमन कक्षात. २२ मार्च २०१६ रोजी ब्रसेल्स विमानतळावर स्फोट झाले ते चेक-इनच्या दालनात. दोन्हीकडे हल्लेखोराला सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभे राहण्याची गरजच पडली नाही. आपल्याकडे तिकीट आणि ओळखपत्र दारावरच पाहतात, त्यामुळे खरी गर्दी दाराबाहेर असते. अमेरिकेला निघालेल्या एका मुलाला सोडायला आलेले आठ नातेवाईक, हार, ट्रॉल्या, टॅक्सीवाले. तिथे मेटल डिटेक्टरची कमान नाही, अंगझडती नाही. जिथे यंत्र नेता येत नाही तिथे चालत जाणारे नाक, हीच तर श्वानाची खुबी. बेवारस बॅग, मालवाहू विभाग आणि धमकी आलेले विमान ही त्याची दुसरी कामे. ऑक्टोबर २०२४मध्ये शेकडो खोट्या धमक्या आल्या, तेव्हा ही कामे किती वाढू शकतात ते आपण पाहिले.

१९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या 'जंजीर' या लॅब्राडॉरने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून दिले. तो माहिती मिळालेल्या, संशय असलेल्या ठिकाणी जाऊन हुंगत होता. हजारो निरपराधांच्या रांगेत दिवसभर उभा नव्हता. श्वान दमतो. उकाड्यात तो धापा टाकतो, आणि तोंडाने धाप टाकणारा श्वान नीट हुंगू शकत नाही. नागपूरच्या मे महिन्यात विमानतळाच्या दारासमोर त्याची पाळी किती मिनिटांची असावी, हे ठरवणे म्हणजे त्याच्यावर दया नव्हे, सुरक्षेचाच भाग आहे.

विमानतळांची सुरक्षा पाहणारे सीआयएसएफ आणि नियम ठरवणारी बीसीएएस यांच्याकडे मागायचे ते फार नाही. हँडलरला उत्तर माहीत नसताना घेतलेल्या चाचण्यांत किती नमुने सापडले आणि किती निरपराध थांबवले गेले, हे दोन आकडे दरवर्षी प्रसिद्ध करावेत. कोणत्या विमानतळावर किती श्वान आहेत, हे गुप्त राहू द्या. आणि श्वान पुढून गेला म्हणून कुणाचीही अंगझडती वगळू नये.

उद्या श्वान तुमच्याच पायाशी येऊन बसला, तर घाबरून मागे सरकू नका, पळू तर मुळीच नका. औषधे घेत असाल, खत किंवा फटाके हाताळले असतील, तर ते शांतपणे सांगा. वेगळी तपासणी होईल. महिलांची झडती महिला जवानच घेते. लहान मूल सोबत असेल तर त्याला कडेवर घ्या. आणि श्वानाला बिस्कीट देऊ नका. त्याचे बक्षीस म्हणजे एक चेंडू, तो हँडलरच्या खिशात असतो.