उसण की खचलेला मणका?

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे कैरीचं लोणचं घालायचा बेत होता. सासूबाई ओट्याखालची मोठी बरणी उचलायला वाकल्या, ती उचलून वर ठेवली आणि तशाच ओट्याला धरून थांबल्या. "काय झालं आई?" विचारलं, तर म्हणाल्या, "काही नाही गं, उसण भरली. दोन दिवसांत जाईल."

वय ७१. आयुष्यभर कामाची सवय. त्या कुठे पडल्या नव्हत्या, घसरल्या नव्हत्या. बरणीही काही फार जड नव्हती. त्यामुळे आम्हीही उसणच धरून चाललो. बाम झाला, गरम पाण्याची पिशवी झाली. इंदूरला आमच्या गल्लीत कुणाकडे तरी पायाळू मुलगा आहे, त्याच्याकडून पाठीला पाय लावून घ्या, असाही सल्ला आला. तो आम्ही मानला नाही, ही देवाची कृपा. का, ते पुढे सांगते.

तीन आठवडे गेले. आई निजलेल्या असल्या की बऱ्या, पण कूस बदलायची म्हटली की डोळ्यांतून पाणी. खाटेवरून उठायला दहा मिनिटं लागायची. शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रे पाहून त्यांनी विचारलं, "यापूर्वी कधी पाठ धरली होती का?" कारण फोटोत एक नव्हे, दोन मणके खचलेले दिसत होते. एक ताजा वाटत होता, दुसरा जुना.

तेव्हा आईंना आठवलं. दोन वर्षांपूर्वी गाद्या उन्हात टाकताना अशीच उसण भरली होती. महिनाभर त्रास झाला आणि मग थांबला. आणि मला आठवलं ते वेगळंच. त्यानंतर काही महिन्यांनी त्या म्हणाल्या होत्या, "हल्ली परकर जमिनीला लागतो गं, एक दुमड घालून दे." मी दुमड घालून दिली. परकर लांब झाला नव्हता, आई बुटक्या झाल्या होत्या, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मणका खचतो म्हणजे काय?

आपलं हाड म्हणजे दगड नव्हे. ते आतून जाळीदार असतं. जुनं हाड झिजतं आणि नवं तयार होतं, हे काम शरीरात सतत चालू असतं. वाढत्या वयात, आणि स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यावर, झीज जास्त आणि भर कमी असा हिशेब होतो. जाळी विरळ होत जाते. यालाच ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. त्याचं काही दुखत नाही, म्हणून तो कळतही नाही.

अशा विरळ झालेल्या मणक्यावर वाकून वजन उचलताना, जोरात खोकताना किंवा रिक्षा खड्ड्यात आदळताना दाब आला, की त्याचा पुढचा भाग दबतो. चौकोनी मणका पाचरीसारखा होतो. बहुतेक वेळा हे पाठ आणि कंबर जिथे मिळतात त्या भागात घडतं. मणके असे खचत गेले की पाठीला पोक येतं, उंची कमी होते, पोट पुढे येतं, थोडं खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटतं आणि श्वासही अपुरा पडतो.

हे फक्त स्त्रियांचंच दुखणं आहे, असंही नाही. दमा, संधिवात यांसाठी तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे, तसंच तंबाखू आणि दारूचं व्यसन असलेले पुरुषही यात सापडतात.

कधी शंका घ्यावी?

पन्नाशीनंतर किरकोळ कारणाने पाठ अचानक धरली, उभं राहिलं की दुखतं आणि आडवं झालं की बरं वाटतं, कण्याच्या एकाच ठिकाणी दाबलं की कळ येते, असं असेल तर उसण म्हणून सोडून देऊ नका. एक साधा एक्स-रे काढा. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त उंची कमी झाली असेल, तर काही दुखत नसलं तरी तपासणी करून घ्या. आणि निदान होईपर्यंत पाठीवर जोराची मालीश, कंबर 'मोडून' घेणं किंवा पाय लावून घेणं बिलकूल नको. आधीच खचलेल्या मणक्याला तो धक्का सोसणार नाही.

पायांत बळ न राहणं, बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, सोबत ताप किंवा पूर्वी कॅन्सर झालेला असणं, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

सुईवाटे सिमेंट

आमच्या डॉक्टरांनी घाई केली नाही. ते म्हणाले, "बहुतेक मणके सहा ते बारा आठवड्यांत आपले आपण जुळतात. आधी वेदनेचं औषध नीट घेऊ, पट्टा बांधू, थोडं थोडं चालू." अंथरुणाला खिळून राहू नका, हेही त्यांनी बजावलं, कारण पडून राहिल्याने हाडं आणि स्नायू आणखी कमजोर होतात. पण दहा दिवस औषधं घेऊनही आईंना बसता येईना. एमआरआयमध्ये मणक्याच्या आत सूज दिसली, म्हणजे मोड ताजी होती. जुन्या मणक्यात सूज नव्हती. मग डॉक्टरांनी व्हर्टिब्रोप्लास्टीचा पर्याय पुढे ठेवला.

यात पाठ उघडत नाहीत. पेशंटला पालथं झोपवतात, बहुधा ती जागाच बधिर करून थोडं गुंगीचं औषध देतात. सी-आर्म नावाच्या यंत्रावर हाड सतत दिसत असतं. ते पाहत पाहत एक जाड, पोकळ सुई मणक्यात नेतात आणि तीतून पातळ लापशीसारखं बोन सिमेंट सोडतात. हे बांधकामाचं सिमेंट नव्हे. ते एक प्रकारचं ॲक्रिलिक असतं, खुब्याचा सांधा बसवतानाही तेच वापरतात. लागतं किती? साधारण चमचाभर. काही मिनिटांत ते घट्ट होतं आणि मणक्याच्या आतल्या चिरा हलायच्या थांबतात. एका मणक्याला तासाच्या आत काम होतं, टाके घालावे लागत नाहीत. एक-दोन तास सरळ पडून राहायचं आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी.

कायफोप्लास्टी हा यातलाच दुसरा प्रकार. त्यात आधी सुईवाटे छोटा फुगा मणक्यात नेऊन फुगवतात, जागा करतात, दबलेला भाग थोडा उचलतात आणि मग त्या पोकळीत सिमेंट भरतात. खर्च जास्त येतो. व्हर्टिब्रोप्लास्टी पहिल्यांदा १९८४ मध्ये फ्रान्समध्ये झाली, फुग्याची पद्धत १९९८ पासून वापरात आली.

आईंना दुपारी नेलं. रात्री त्या उशीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "चहा मिळेल का गं?" पाच आठवड्यांनी त्या बसून चहा पीत होत्या.

सगळ्यांनाच हवं का?

इथे थांबून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण आमच्या घरचा अनुभव म्हणजे सगळ्यांसाठी नियम नव्हे. २००९ मध्ये एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. काही पेशंटना खरं सिमेंट दिलं. उरलेल्यांना फक्त जागा बधिर करून सगळं नाटक केलं, इतकं की सिमेंटचा वास खोलीत पसरावा म्हणून ते तिथे उघडलं. पुढे पाहिलं तर दोन्ही गटांचं दुखणं जवळपास सारखंच कमी झालं होतं. त्यानंतर २०१६ च्या एका चाचणीत मोड सहा आठवड्यांच्या आतली आणि वेदना तीव्र असलेल्यांना सिमेंटचा फायदा दिसला. २०१८ च्या दुसऱ्या चाचणीत ताज्या मोडीतही तो दिसला नाही.

म्हणजे तज्ज्ञांमध्ये वाद आहे. त्यातून आपण घ्यायचं एवढंच, की मणका खचला म्हणून लगेच सिमेंट भरायचं नसतं. मोड ताजी आहे, एमआरआयमध्ये सूज आहे, दुखतं तेही नेमकं त्याच जागी आणि औषधं नीट घेऊनही माणूस उठू-बसू शकत नाही, अशा वेळी हा पर्याय विचारात घेतला जातो. जुन्या, जुळून गेलेल्या मणक्यासाठी किंवा नुसतं पोक घालवण्यासाठी तो नाही.

धोकेही समजून घ्या. सिमेंट मणक्याबाहेर झिरपणं बऱ्याचदा घडतं. बहुतेक वेळा त्याने काही होत नाही, पण क्वचित ते नसेवर दाब आणतं किंवा रक्तवाहिनीतून फुप्फुसापर्यंत जातं. जंतुसंसर्गाची शक्यता थोडी असते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

डॉक्टरांना हे चार प्रश्न जरूर विचारा. कुठला मणका आणि तो ताजा कशावरून? आणखी थोडं थांबलो तर काय होईल? तुम्ही असे उपचार नेहमी करता का? आणि चौथा, सगळ्यात महत्त्वाचा, यानंतर हाडांसाठी कोणतं औषध?

सिमेंट एका मणक्यात, हाडं मात्र तीच

हा चौथा प्रश्न आम्ही विचारला नव्हता. आई चालू लागल्या, म्हणजे झालं, असं आम्ही धरलं. पंधरा दिवसांनी दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरच म्हणाले, "मी एक मणका भरला. बाकीची हाडं होती तशीच आहेत." एकदा मणका खचला की, पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये, पुढच्या वर्षभरात सुमारे पाचातल्या एकीचा दुसरा मणका मोडतो, हे त्या दिवशी कळलं. दोन वर्षांपूर्वी गाद्यांच्या वेळी एक्स-रे काढला असता तर तेव्हाच औषध सुरू झालं असतं, हेही कळलं.

मग डेक्सा स्कॅन झाला. यात 'टी-स्कोअर' येतो. उणे १ पर्यंत ठीक, उणे २.५ किंवा त्याहून खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. किरकोळ कारणाने मणका खचला असेल तर हा आकडा बरा आला तरी बहुधा उपचार लागतातच. सोबत कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, थायरॉइड यांच्या तपासण्याही करतात.

औषधं अनेक आहेत. आठवड्याची गोळी, वर्षातून एकदा सलाइनमधून दिलं जाणारं औषध, सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन, रोज टोचायचं इंजेक्शन. कोणतं घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील. दोन गोष्टी मात्र घरच्यांनी लक्षात ठेवाव्यात. आठवड्याची गोळी सकाळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबरच घ्यायची आणि त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही. आमच्याकडे रविवारी आईंचा चहा अर्धा तास उशिरा होतो, एवढाच काय तो बदल. आणि सहा महिन्यांचं इंजेक्शन चालू असेल तर तारीख चुकवू नका, आपल्या मनाने थांबवू नका, कारण ते अचानक थांबलं की मणके खचायचा धोका उलट वाढतो.

आहारात पाळी थांबलेल्या स्त्रीला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, असं आयसीएमआर सांगते. दूध, दही, ताक आहेच. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तिळात त्याहून कितीतरी जास्त. म्हणून नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, राजगिरा ताटात येऊ द्या. रोज थोडं उन्हात चाला.

व्यायाम हवाच, पण पुढे वाकून पायाचे अंगठे धरायचे प्रकार, पश्चिमोत्तानासन वगैरे अशा पाठीला नको. पाठ सरळ ठेवून चालणं आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले पाठीच्या स्नायूंचे व्यायाम चांगले. न्हाणीघरात धरायला दांडी, रात्री मंद दिवा, पायाखाली न सरकणारं पायपुसणं. भरलेली बादली उचलायची नाही, मगाने पाणी घ्यायचं.

आता आमच्या स्वयंपाकघरात लोणच्याची बरणी ओट्यावरच असते. यंदा आईंनी खुर्चीत बसून मसाला कालवला, फोडी मी केल्या. बरणी उचलायची वेळ आली तेव्हा त्यांचा हात सवयीने पुढे आला आणि मग त्यांनीच तो मागे घेतला.

तुमच्याही घरात कुणी म्हणत असेल, "परकर लांब होतोय" किंवा "फळीला हात पुरत नाही हल्ली", तर टाका घालायच्या आधी त्यांना भिंतीला टेकून उभं करा आणि उंची मोजा.