घोळीचे पान, पहाटेचे आणि दुपारचे

मृगाच्या सरींनंतर बेंगळुरूच्या बाजारात ‘बेरके सोप्पु’ या मिश्र रानपाल्याच्या जुडीत लालसर देठांची, मांसल पानांची घोळ हाती आली, की आम्हां मराठी कुटुंबांना बांधावरचे माहेर भेटते. परंतु ओमेगा-३ वर्गातील मेदाम्लाने समृद्ध असलेली हीच वनस्पती पाण्याच्या ताणात रात्री कर्बवायू घेऊन मॅलिक आम्ल साठवते, म्हणून तिचे पहाटे खुडलेले पान आंबट आणि दुपारचे सौम्य लागते. आणि सांडपाण्याच्या तळ्याकाठी रुजली, तर जड धातूही शोषून घेते. तलाव दूषित होत चाललेल्या या शहरात रानभाजीच्या नावाइतकीच तिच्या ऋतूची व जमिनीची चौकशी अगत्याची आहे, असे आमचे ठाम मत असल्याने हा अंक त्याच अंगाने सिद्ध केला आहे. आपण कोणती भाजी, कोणत्या नक्षत्रात, कोठून खुडता, हा तपशील वाचकांनी आमच्या दफ्तरी अवश्य दाखल करावा.