ग्राहकाची सुट्टी कधी असते, ते आधी बघा

मंडळी, गेल्या शनिवारी मित्रांच्या आग्रहाखातर एक माहितीपट बघायला गेलो. विषय होता इंग्लंडमधल्या डोंगरभटकंतीचे सुरुवातीचे दिवस. धुकं, दगडी कुंपणं, मेंढ्या, सगळं छानच. पण माझं धंदेवाईक डोकं अडकलं ते टी. ए. लिओनार्ड या माणसापाशी.

लिओनार्ड म्हणजे लँकशायरमधल्या कोल्न या गिरणीगावातले पाद्री. तिथल्या गिरण्या वर्षातून एकदा एकदम बंद व्हायच्या. सुट्टी बिनपगारी! कामगार त्यासाठी वर्षभर पै-पै साठवायचे आणि ब्लॅकपूलच्या समुद्रकिनारी जाऊन उडवून यायचे. १८९१ मध्ये लिओनार्ड त्यातल्या तिसेक जणांना चार दिवस लेक डिस्ट्रिक्टमधल्या अँबलसाइडला घेऊन गेले. डोंगर चढायला.

आता नीट बघा. त्यांनी नवा ग्राहक शोधला नाही, नवी सुट्टी मागितली नाही. आठवडा तोच, साठवलेले पैसे तेच. बदललं फक्त जायचं ठिकाण. पुढे १८९३ मध्ये यातूनच को-ऑपरेटिव्ह हॉलिडेज असोसिएशन उभी राहिली.

आणि १९१३ मध्ये लिओनार्डनी स्वतःच उभी केलेली ही संस्था सोडली. तिथे मध्यमवर्गीय पाहुणे वाढले होते, साधेपणा हरवतोय असं त्यांना वाटलं. मग त्यांनी हॉलिडे फेलोशिप काढली, जी आजही चालू आहे. ‘चालता धंदा कशाला सोडायचा?’ असं तुमच्यातले बरेच जण म्हणतील. मला मात्र ते पटलं. जास्त पैसे देणारं गिऱ्हाईक आलं की आपण नकळत त्याच्यासाठीच सगळं बदलत जातो, आणि ज्याच्यासाठी दुकान उघडलं तो बाहेरच राहतो.

ट्रेकिंगचा व्यवसाय करू पाहणारे मला विचारतात, ‘सर, इन्स्टाग्रामवर किती खर्च करू?’ अरे, थांबा जरा! शनिवार-रविवारी हरिश्चंद्रगडावर आधीच जत्रा असते. तुम्ही त्याच गर्दीत, त्याच आयटीवाल्यांसाठी, शंभर रुपये कमी करून उभे राहणार. भोसरी एमआयडीसीतल्या कित्येक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्या दिवशी तिथला कामगार कुठे जातो, किती खर्च करतो, बायको-मुलं बरोबर असतात का, हे कुणी विचारलंय? या गुरुवारी सकाळी तिथल्या एखाद्या चहाच्या टपरीवर तासभर बसा आणि दहा जणांशी बोला. जाहिरातीचं नंतर बघू.