पहिलारू डांगी कालवडीला एचएफची कांडी : धोका नऊ महिने आधीच ठरतो

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ आणि अकोल्याच्या डोंगरपट्ट्यात डांगी गाय पाळणाऱ्यांचा हिशोब साधा असतो. डांगी दूध थोडं देते, एचएफचा संकर केला तर पुढची पिढी कॅन भरून देईल. हिशोब खोटा नाही. पण तो ज्या कालवडीच्या पोटावर मांडला जातो, तिचं माप कुणी घेत नाही.

पूर्ण वाढीची डांगी गाय साधारण अडीचशे किलोची. एचएफचा वळू आठशे ते हजार किलोचा. शुद्ध एचएफ वासरू जन्मताना ३५ ते ४५ किलो भरतं, डांगीचं वीसच्या आसपास. संकराचं वासरू या दोघांच्या मधे कुठंतरी बसतं. पहिलारू कालवडीची कंबरेची हाडं अजून वाढायची असतात आणि वाट पहिल्यांदाच उघडणार असते. चार-पाच किलो जास्तीचं वासरूसुद्धा तिथं अडतं.

"आमच्या गाईला काही झालं नाही," असं सांगणारे गावोगाव भेटतात, आणि ते खरंच बोलतात. गावठी गाईचं गर्भाशय पोटातल्या वासराची वाढ बरीच आवरून धरतं. त्यामुळं दोन-तीन वेत झालेली, अंगानं भरलेली गाय बहुतेक वेळा सुखरूप सुटते. तिच्याकडं बघून शेजारी आपली लहान कालवड भरवतो, अन् गणित तिथं फसतं.

वजनकाटा नसला तरी माप निघतं. टेपनं छातीचा घेर इंचात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा. त्याला खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीनं गुणायचं आणि ६६० नं भागायचं. घेर ५२ आणि लांबी ४४ आली तर वजन १८० किलो. ही कालवड डांगी वळूसाठी तयार आहे. एचएफसाठी नाही. संकरित कालवडसुद्धा अडीचशे किलोची झाल्याशिवाय भरवू नये, असं पशुवैद्यक सांगतात. पहिलं वेत डांगीचंच घ्यावं. संकर करायचाच तर तो दुसऱ्या-तिसऱ्या वेताला, आणि डोंगरात चारा-पाण्याची ओढ असेल तर जर्सी बरी. तिचं वासरू लहान असतं.

लिंगनिदान केलेल्या कांडीतून बहुतेक वासरीच होते. ती गोऱ्ह्यापेक्षा किलो-दोन किलोनं हलकी असते, एवढाच फायदा. तिच्या भरवशावर कालवडीला एचएफ देणं हा जुगार आहे.

कांडी कोण निवडतो, हाही प्रश्नच आहे. बऱ्याचदा कॅनमध्ये जी असेल ती वापरली जाते, कारण माज संपायच्या आत काम उरकायचं असतं. प्रत्येक कांडीवर वळूचा नंबर आणि जात छापलेली असते. ती मागून बघायची, नंबर लिहून ठेवायचा. वासरू अडलं तर पुढच्या वेळी तो वळू टाळता येतो. राज्यात २०२३ साली गोवंश प्रजननाचा कायदा झाला, रेतन करणाऱ्यांच्या नोंदणीची तरतूद त्यात आहे. पण कालवडीचं माप घ्यायला गोठ्यात कायदा येणार नाही, ते काम मालकाचंच.

दुसरा धोका रानात फिरतो. २०१५ पासून राज्यात गोऱ्ह्या-बैलांच्या कत्तलीवर बंदी आहे. संकरित गोऱ्ह्याला औताला मागणी नाही, म्हणून कितीतरी जण तो मोकळा सोडून देतात. चरायला गेलेली दीड-दोन वर्षांची कालवड त्याच्याकडून गाभण राहते आणि पोट दिसेपर्यंत घरी पत्ता नसतो. फळल्याचं लवकर कळलं तर डॉक्टरांना लगेच सांगावं. सुरुवातीच्या आठवड्यांत इंजेक्शननं गर्भ पाडता येतो. उशीर झाला तर तोही मार्ग बंद.

कालवड गाभण राहिलीच असेल, तर वासरू लहान राहावं म्हणून शेवटच्या महिन्यांत चारा तोडू नये. वासरू फारसं घटत नाही, कालवडीची कळा द्यायची ताकद मात्र जाते. फार पेंड घालून चरबी चढवणंही वाईट, वाट आणखी अरुंद होते.

पाण्याची पिशवी फुटून दोन तास झाले आणि पुढचे दोन पाय अन् नाक दिसत नसेल, तर वाट बघू नका, डॉक्टरला बोलवा. मागचे पाय, एकच पाय किंवा नुसतं डोकं दिसलं तर दोन तासही थांबायचं नाही. दोरी लावून चार-पाच गडी ओढतात, कुठं कुठं ट्रॅक्टर लावल्याचंही ऐकू येतं. त्यानं वासरू मरतंच, शिवाय कालवडीच्या मांडीची नस दबून ती मागून बसते, कधी अंग बाहेर येतं. ओढायचंच झालं तर दोन माणसं, कळ येईल तेव्हाच, खालच्या दिशेनं. फिरत्या दवाखान्याचा नंबर १९६२. ज्या वाडीला रेंज नाही तिथल्यांनी गाय आठ-दहा दिवसांवर आली की रस्त्याकडच्या नातेवाइकाच्या गोठ्यात नेऊन बांधावी.