अर्काची ओळख : रंगावरून नव्हे, कळीवरून

अर्काची ओळख पटविण्याची आवश्यकता ती काय, असा प्रश्न वैद्यबंधूंच्या मनात येणे स्वाभाविक आहे. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ वाहणाऱ्या घरातील लहान मुलासही ही वनस्पती ठाऊक असते. माझाही समज तोच होता. काही वर्षांपूर्वी थरच्या वाळवंटात, तेथील लोक ज्यास ‘आकडा’ म्हणतात, ते झुडूप ऐन बहरात पाहिले; आणि पदवी घेतल्यापासून मी ज्यास अर्क म्हणत आलो ते हे नव्हे, हे ध्यानात आले.

वाळवंटातील हा आकडा म्हणजे कॅलोट्रोपिस प्रोसेरा. आपल्या गावकुसाबाहेर सर्रास दिसणारी मोठ्या फुलांची रुई म्हणजे कॅलोट्रोपिस जायगँटिया. महाराष्ट्राच्या कोरड्या भागात दोन्ही आढळतात, म्हणूनच घोटाळा होतो. प्रोसेराची कळी गोलसर असते; फूल लहान व सुगंधी, पाकळ्या उभ्या, पांढरट व टोकाशी जांभळ्या. जायगँटियाची कळी लांबट. फूल मोठे व गंधहीन, पाकळ्या पसरलेल्या किंवा मागे वळलेल्या, रंग फिकट जांभळा अथवा पांढरा.

येथे रंग फसवितो. भावप्रकाशात श्वेत व रक्त असे दोन अर्क सांगितले आहेत. सुश्रुतांच्या अर्कादि गणात अर्क व अलर्क यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. या नामांची सांगड कोणत्या वनस्पतीशी घालावी, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. तथापि पांढरे फूल दिसताच ‘श्वेतार्क’ म्हणून मूळ खणणे, ही ओळख नव्हे. आयुर्वेदिक फार्माकोपियात अर्कमूळ व अर्कपत्र म्हणून प्रोसेराच दिलेला आहे.

हा केवळ नामाचा वाद नाही. चरकांनी अर्कक्षीर वमन व विरेचन या दोहोंसाठी सांगितले. औषधद्रव्य कायद्याच्या नियमांतील ई-१ या विषारी द्रव्यांच्या परिशिष्टात अर्काचा समावेश आहे. त्याच्या चिकात हृदयावर क्रिया करणारी ग्लायकोसाइड्स असतात. अशा द्रव्याची मात्रा ठरविताना ते नेमके कोणते, हे वैद्यास ठाऊक नसावे, हे शोभनीय नाही. बाजारातून आलेल्या वाळलेल्या मूलत्वचेस ना कळी असते ना पाकळी. तेथे आपण सर्वस्वी दुकानदाराच्या शब्दावर विसंबतो.

म्हणून नम्र सूचना अशी की, अर्काचा संग्रह शक्यतो फुलोऱ्यात, स्वतः पाहून करावा. फुलासह एक फांदी दाबून, वाळवून जपावी. आणि डबीवर ‘अर्क’ एवढेच न लिहिता वनस्पतिशास्त्रीय नाम, स्थळ व ऋतू यांची नोंद करावी. आपले अनुभव याच अंकांतून प्रसिद्ध करतानाही ही नोंद असावी. अन्यथा एका वैद्याचा अनुभव दुसऱ्यास उपयोगी पडणार नाही, कारण दोघांचा अर्क एकच होता की नाही, हेच कळणार नाही.