बेंचवरचे तारे

परवा रात्री साडेअकराला एका मैत्रिणीचा मेसेज आला. ‘सध्या काय चाललंय?’ विचारलं, तर उत्तर आलं, ‘काही नाही. बेंचवर आहे.’ आयटीवाल्यांना जास्त सांगायला नको. जुनं प्रोजेक्ट संपलंय, नवं मिळालेलं नाही. सकाळी कार्ड स्वाइप करायचं, कॅन्टीनचा चहा ढोसायचा, संध्याकाळी घरी. हिला तिसरा महिना लागलाय. ‘माझ्या जागी नुसतं काळं भोक आहे बघ,’ म्हणाली.

अशा वेळी चांगली माणसं धीर देतात. मी तिला ढगांबद्दल सांगितलं. काय करणार, सवय!

आकाशगंगेच्या पट्ट्यात काही जागा अगदी काळ्याकुट्ट दिसतात. तिथे तारेच नाहीत, आकाशाला भोक पडलंय, असं एकेकाळी भल्याभल्यांना वाटायचं. एडवर्ड बर्नार्ड या अमेरिकन निरीक्षकाने १९१९ साली अशा १८२ काळ्या डागांची यादी छापली. पुढे पक्कं झालं की ही भोकं नाहीतच. हे आहेत वायू आणि धुळीचे दाट ढग, मागच्या ताऱ्यांचा उजेड अडवणारे. आत थंडी किती? उणे २६० अंशांच्या आसपास! आणि गंमत म्हणजे, नवे तारे जन्मतात ते याच गारठ्यात.

पण दिसणार कसे? धुळीच्या बारीक कणांपुढे उजेड अडकतो. रेडिओ लहरींची लांबी त्या कणांपेक्षा कितीतरी मोठी, त्या आरामात पार होतात. बंद खोलीतला दिवा बाहेर दिसत नाही, पण मोबाइलला रेंज येते ना, तसंच काहीसं. १९७० साली अशा ढगांतल्या कार्बन मोनॉक्साइडचा २.६ मिलिमीटरवरचा रेडिओ सिग्नल पहिल्यांदा पकडला गेला आणि काळ्या ढगांचा नकाशा काढायची सोय झाली. १९८० साली वृषभ राशीतल्या ‘एल १५५१’ या ढगात दिसलं, की एका बाळताऱ्यापासून वायूचे दोन झोत विरुद्ध दिशांना सुटलेत. २०१४ मध्ये चिलीच्या वाळवंटात, ५००० मीटर उंचीवरच्या ‘अल्मा’ दुर्बिणीने त्याच भागातल्या ‘एचएल टॉरी’चा फोटो काढला. ताऱ्याचं वय दहा लाख वर्षंही नाही. म्हणजे तान्हंच! पण भोवती धुळीची तबकडी, त्यात एकात एक कडी, मधे रिकामे पट्टे. तिथे ग्रह घडत असावेत.

आता आपल्याकडचं. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी माहितीय ना? प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यांनी वृषभेतल्याच ‘डीजी टॉरी’ या तरुण ताऱ्याकडे कान लावला, तोही अर्धा मीटर ते जवळजवळ मीटरभर लांबीच्या लहरींवर. नुसत्या गरम वायूचा सिग्नल इतक्या लांब लहरींवर मंदावायला हवा. पण ताऱ्याचा झोत जिथे आजूबाजूच्या वायूवर आदळतो, तिथे तो उलट वाढलेला निघाला. याचा अर्थ, तिथे इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने पळत असावेत. २०१४ साली हा निष्कर्ष छापताना संशोधकांनी ‘पुरावा सुरुवातीचा आहे’ असं प्रामाणिकपणे म्हटलं. पण सूर्यासारख्या एका तान्ह्या ताऱ्यात एवढी धमक असावी, हे नवलच.

इथे मी मैत्रिणीला ‘बघ, तूही स्टार होशील’ असं म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. कारण ते खरं नाही. अशा ढगातला बहुतेक वायू कधीच तारा होत नाही. जेमतेम काही टक्के होतो, बाकीचा पांगून जातो. बेंचवरच्या प्रत्येकाला प्रोजेक्ट मिळतंच असंही नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

म्हणून फक्त विचारलं, ‘या तीन महिन्यांत नक्की काय काय केलंस?’ आधी ‘काही नाही’च. मग हळूहळू निघालं. दोन फ्रेशर्सना डेटाबेस शिकवला. टीमचा रिपोर्ट आपोआप निघेल असा छोटा प्रोग्रॅम लिहिला. आणि रोज सकाळी बाबांना फिजिओथेरपीला नेलं. ते आता काठीशिवाय चालतात. यातलं एकही टाइमशीटमध्ये नव्हतं.

म्हणजे भोक नव्हतंच, बाईसाहेब. बघणारे चुकीच्या वेव्हलेंग्थवर होते. त्यात तीही होती. आणि खरं सांगायचं तर, तीन महिने फोन न करणारी मीसुद्धा.

हिवाळ्यात कधी रात्री गच्चीवर जा. कृत्तिकांचा पुंजका आणि लालसर रोहिणी शोधा. त्याच भागात, साधारण साडेचारशे प्रकाशवर्षांवर, हे सगळं चाललंय. शहराच्या झगमगाटात ढग दिसणार नाही. काळोख दिसेल. तेवढ्यात बेंचवरच्या कुणाला तरी एक फोन लावा.